'एफ-४' : एका आरंभकालीन अमेरिकन पाणबुडीची सेवा, नाश आणि उद्धार

१. विषयप्रवेश

पाणबुडीचा इतिहास सांगताना लेखकांचे लक्ष बहुधा युद्धातील पराक्रमांकडे वेधले जाते. दोन महायुद्धांत या नौकांनी जी उलथापालथ घडवून आणली ती पाहता हे स्वाभाविकच होय. तथापि एखाद्या यंत्राच्या अंगी कोणते दोष दडलेले आहेत, त्याच्याविषयीचे आपले ज्ञान कोठे अपुरे आहे, हे समजून घ्यावयाचे असेल तर त्याच्या आरंभकाळातील अपघातांकडे वळावे लागते. अमेरिकन नौदलाच्या 'एफ-४' या नौकेचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

या नौकेची प्रत्यक्ष सेवा ता. ३ मे १९१३ रोजी सुरू झाली आणि ता. २५ मार्च १९१५ रोजी संपली. म्हणजे तिला पुरते तेवीस महिनेही भरले नाहीत. या अवधीत शत्रूवर पाणतीर सोडण्याचा प्रसंग तिच्यावर कधी आला नाही. असे असूनही नौदलांच्या इतिहासात तिला स्थान मिळाले, ते दोन कारणांनी. अमेरिकन नौदलात रीतसर दाखल झालेल्या पाणबुडी-नौकांपैकी समुद्रात नष्ट झालेली ही पहिली नौका होय; आणि ज्या खोलीवरून ती पुन्हा वर काढण्यात आली, तेवढ्या खोलीवर जाऊन काम करणे मनुष्याला शक्य आहे काय, याविषयीच तोपर्यंत शंका होती. तिच्या सेवेचा, नाशाचा आणि उद्धाराचा क्रमवार परामर्श पुढे घेतला आहे.

येथे परिभाषेविषयी एक खुलासा अवश्य आहे. मराठीत 'पाणबुड्या' या रूपाचे दोन अर्थ होतात. 'पाणबुडी' या स्त्रीलिंगी नामाचे ते अनेकवचन आहे. आणि पाण्यात बुडी मारून काम करणारा मनुष्य, या अर्थाचे ते पुल्लिंगी एकवचनही आहे. या इतिहासात नौका आणि मनुष्य दोघेही पदोपदी येत असल्याने, मनुष्याला 'पाणबुड्या' व अनेकवचनी 'पाणबुडे' म्हटले असून नौकेचे अनेकवचन करावयाचे तेथे 'पाणबुडी-नौका' अशी योजना केली आहे.

२. बांधणी आणि नाव

अमेरिकन नौदलाने आपली पहिली पाणबुडी-नौका 'हॉलंड' ही इ. स. १९०० मध्ये विकत घेतली. त्यानंतर नऊ वर्षांनी, ता. २१ ऑगस्ट १९०९ रोजी, सिॲटल येथील मोरान कंपनीच्या कारखान्यात प्रस्तुत नौकेच्या बांधणीस आरंभ झाला. नौदलाच्या तत्कालीन प्रथेप्रमाणे तिला एका माशाचे नाव देण्यात आले होते. ते नाव 'स्केट' असे होते. स्केट म्हणजे आपल्याकडील पाकटासारखा चापट अंगाचा, तळालगत राहणारा मासा. तिच्या तीन भगिनीनौकांची नावे 'कार्प', 'बॅराकुडा' आणि 'पिकरेल' अशी होती.

ही नावे फार काळ टिकली नाहीत. ता. १७ नोव्हेंबर १९११ रोजी पाणबुडी-नौकांची मत्स्यनामे रद्द करून त्यांना वर्गदर्शक अक्षर व अनुक्रमांक देण्याचा निर्णय अमलात आला. त्यामुळे चारही भगिनी अनुक्रमे एफ-१, एफ-२, एफ-३ व एफ-४ झाल्या. ता. ६ जानेवारी १९१२ रोजी नौका पाण्यात उतरली तेव्हा तिचे नाव बदलून दोन महिनेही झाले नव्हते. नावाच्या जागी क्रमांक येणे म्हणजे एका विशिष्ट वस्तूचा निर्देश करणारे विशेषनाम जाऊन तिच्या जागी वर्गातील स्थान सांगणारी खूण येणे होय. यंत्रांची संख्या वाढू लागली की शासनव्यवहाराला अशा खुणा सोयीच्या वाटतात. पुढे इ. स. १९३१ मध्ये मात्र याच नौदलाने काही मोठ्या नौकांचे क्रमांक बदलून त्यांना पुन्हा नावे दिली, आणि 'स्केट' हे नावही कालांतराने दोन निराळ्या नौकांना लाभले.

एफ-४ची लांबी सुमारे १४२ फूट आणि रुंदी सुमारे १५ फूट होती. पृष्ठभागावर असताना तिचे विस्थापन ३३० टन, तर पाण्याखाली ४०० टन होते. तिच्या नाळेत १८ इंची पाणतिरांसाठी चार नळ्या होत्या. खलाशी व अधिकारी मिळून बावीस माणसांची तिच्यात योजना होती. पृष्ठभागावर चालताना डीझेल एंजिने आणि पाण्याखाली विजेच्या मोटरी, अशी तिची दुहेरी चालना होती. अमेरिकन नौदलात डीझेल एंजिने बसविलेल्या अगदी पहिल्या नौकांमध्ये तिची गणना होते. त्यापूर्वीच्या नौका पेट्रोलवर चालत. त्या पेट्रोलच्या वाफा बंदिस्त जागेत साठून आगीचा व गुदमरण्याचा धोका नेहमीच असे. डीझेल एंजिनाने तो धोका पुष्कळ कमी केला. दुसरा धोका मात्र तसाच राहिला. तो विद्युत्‌घटांचा होता.

३. बुडण्याचे आणि तरंगण्याचे गणित

एफ-४चा नाश कसा झाला हे कळण्यासाठी अशा नौकेच्या बुडीमागील तत्त्व थोडक्यात पाहिले पाहिजे. पाणबुडी-नौकेला दोन वेष्टनांमध्ये किंवा पोटात पाण्याच्या टाक्या असतात. टाक्या रिकाम्या असताना नौका तरंगते. बुडी मारावयाची असता त्यांत समुद्राचे पाणी घेतात. पण नौका पाण्याहून जड होईल इतके पाणी घेत नाहीत; तिचे वजन आणि तिने सारलेल्या पाण्याचे वजन ही जवळजवळ समान राहतील, किंबहुना नौका किंचित हलकीच राहील, अशी व्यवस्था करतात. मग मोटर चालू करून नौकेला वेग दिला जातो आणि तिच्या अंगाला बसविलेली आडवी सुकाणे खाली कलवून तिला हव्या त्या खोलीवर धरून ठेवले जाते. यावरून हे स्पष्ट होईल की पाण्याखालील नौकेची स्थिरता ही विसाव्याची स्थिरता नसून चालीची स्थिरता असते.

आता अशा नौकेत कोठून तरी पाणी शिरले असे समजू. समुद्राच्या सुमारे ३५ घनफूट पाण्याचे वजन एक टन भरते. ४०० टनांच्या नौकेत एक टन हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु जेथे वजनाचा समतोल काही शे पौंडांच्या आत राखलेला असतो तेथे एक टन पाणी पुरेसे ठरते. शिवाय हे पाणी एका जागी राहत नाही. नौकेचे एक टोक थोडे खाली झुकले की पाणी त्या टोकाकडे धावते आणि कल आणखी वाढवते. यावर उपाय दोनच : मोटरीचा वेग वाढवून सुकाणूंच्या बळावर नौका वर आणणे, किंवा दाबलेल्या हवेने टाक्यांतील पाणी बाहेर घालविणे. पहिला उपाय मोटर चालू असेतोच संभवतो. दुसऱ्याला वेळ लागतो, आणि नौका जसजशी खाली जाते तसतसा बाहेरील दाब वाढून तो अधिकच अवघड होतो.

४. शिसे आणि आम्ल

पाण्याखालील मोटरींना वीज पुरविणारी घटमाला नौकेच्या मध्यभागी, फळीखालच्या पोलादी टाकीत बसविलेली असे. हे घट शिसे व गंधकाम्ल यांचे असत. नौका हेलकावे खाऊ लागली की घटांतील आम्ल थोडेफार सांडावयाचेच. गंधकाम्ल पोलादाला खाते, शिशाला मात्र फारशी बाधा करीत नाही. म्हणून पोलादी टाकीला आतून शिशाच्या पत्र्याचे अस्तर लावीत.

ही योजना तत्त्वतः निर्दोष असली तरी तिचे यश अस्तराच्या अखंडतेवर अवलंबून होते. शिसे मऊ असते. घट चढविताना, उतरविताना किंवा केवळ सततच्या हालचालीने त्याला बारीकशी चीर पडली, तर आम्ल त्या वाटेने खाली झिरपते आणि अस्तर व पोलाद यांच्यामध्ये साठून राहते. तेथे ते पोलादी पत्र्यांना आणि ते पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांना खात बसते. वरून पाहणाऱ्याला शिशाचे अस्तरच दिसते. त्यामुळे नुकसान किती झाले आहे हे घट बाहेर काढून अस्तर उचलल्याशिवाय कळत नाही, आणि ते काम वेळखाऊ असल्याने वारंवार होत नाही.

या कुजलेल्या भागातून समुद्राचे पाणी आत आले की एकाच वेळी तीन आपत्ती उद्भवतात. नौका जड होते. खाऱ्या पाण्यातून वीज वाटेल तशी वाहू लागल्यामुळे घटमाला निकामी होऊन मोटरींचे बळ जाते. आणि मिठाच्या पाण्याचा घटांशी संबंध आल्यामुळे क्लोरीन हा विषारी वायू निर्माण होतो. म्हणजे ज्या क्षणी मोटरीची सर्वाधिक गरज, त्याच क्षणी ती बंद पडते; आणि ज्या क्षणी माणसांनी शांतपणे काम करावयाचे, त्याच क्षणी त्यांना श्वास घेणे कठीण होते.

५. सेवाकाल आणि २५ मार्च १९१५

ता. ३ मे १९१३ रोजी एफ-४ नौदलात दाखल झाली आणि पॅसिफिक महासागरातील पाणतीर-तांड्याच्या पहिल्या पाणबुडी-गटात तिची नेमणूक झाली. आरंभी सुमारे वर्षभर या गटाने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सराव केला. ऑगस्ट १९१४ पासून चारही भगिनीनौका हवाई बेटांच्या परिसरात, होनोलुलू बंदरात राहू लागल्या. याच महिन्यात युरोपात महायुद्ध पेटले होते. पण अमेरिका त्या वेळी तटस्थ होती. गटाचे काम म्हणजे बंदराबाहेर जाऊन ठराविक काळ पाण्याखाली चालणे, पाणतीर मारण्याचा सराव करणे आणि परत येणे, एवढेच होते. या नौका २०० फूट खोलीपर्यंत जाण्यासाठी रचलेल्या होत्या. त्यांतील एफ-१ने २८३ फुटांपर्यंत बुडी मारून त्या काळचा विक्रमही नोंदविला होता. यावरून या वर्गाविषयी नौदलाला भरवसा वाटत असावा, हे उघड आहे.

ता. २५ मार्च १९१५ रोजी सकाळी एफ-४ नित्याच्या सरावासाठी बंदराबाहेर पडली. तिचे आधिपत्य लेफ्टनंट आल्फ्रेड ईड यांच्याकडे होते व तिच्यावर एकूण एकवीस माणसे होती. सरावासाठी गेलेल्या भगिनीनौका परत आल्या. एफ-४ आली नाही. शोध सुरू झाल्यावर बंदरापासून सुमारे दीड मैलावर पाण्याच्या पृष्ठभागावर तेलाचा तवंग आणि हवेचे बुडबुडे आढळले. तेथील खोली मोजली असता ती ५१ वाव, म्हणजे ३०६ फूट भरली.

या आकड्याचा अर्थ लक्षात घेतला पाहिजे. ३०६ फूट खोलीवर समुद्राच्या पाण्याचा दाब दर चौरस इंचाला सुमारे १३६ पौंड असतो. म्हणजेच एका चौरस फुटावर सुमारे पावणेनऊ टन वजन पडते. नौकेचे कवच ज्या खोलीसाठी रचले होते तिच्या दीडपट खाली ती गेली होती. आतील माणसे जिवंत असण्याची आशा बाळगून गोद्यांतील अधिकाऱ्यांनी तातडीने बचावकार्य सुरू केले. दोर टाकून नौका उथळ पाण्याकडे ओढण्याचे प्रयत्न झाले. ते निष्फळ ठरले. एकवीसही माणसांचा अंत झाला होता.

६. तीनशे फुटांखालील काम

माणसे वाचण्याची आशा संपल्यावर नौका वर काढावी काय, हा प्रश्न उरला. ३०० फुटांवरून पाणबुडी-नौका वर काढल्याचे उदाहरण तोपर्यंत नव्हते. परंतु नौका का बुडाली हे कळल्याशिवाय तिच्या तीन भगिनींवर माणसे कोणत्या भरवशावर पाठवावयाची? याचे उत्तर समुद्रतळाशीच होते. म्हणून उद्धाराचे काम हाती घेण्यात आले आणि त्याची सूत्रे नौकारचनाकार लेफ्टनंट कमांडर ज्यूलियस फ्यूरर यांच्याकडे सोपविण्यात आली.

सुदैवाने या कामाची पूर्वतयारी दुसऱ्याच निमित्ताने झालेली होती. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेतला असता हवेतील नायट्रोजन रक्तात व शरीराच्या पेशींत विरघळतो, आणि मनुष्य एकदम वर आला तर त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखी, पक्षाघात किंवा मृत्यू ओढवतो. यावर उपाय म्हणून ठराविक खोल्यांवर थांबत थांबत वर येण्याची पद्धत ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन व त्यांचे सहकारी यांनी इ. स. १९०८ मध्ये कोष्टकांसह प्रसिद्ध केली. अमेरिकन नौदलातील जॉर्ज स्टिलसन या अधिकाऱ्याने ही कोष्टके प्रत्यक्ष कसास लावण्याचे प्रयोग चालविले होते, आणि इ. स. १९१४ मध्ये त्यांच्या पाणबुड्याने २७४ फुटांपर्यंत मजल मारली होती. स्टिलसन यांच्या हाताखाली तयार झालेले हे पाणबुडे आता न्यूयॉर्कहून होनोलुलूस पाठविण्यात आले.

एप्रिल १९१५ मध्ये त्यांच्यापैकी फ्रँक क्रिली ३०० फुटांहून अधिक खोल उतरून नौकेपर्यंत पोहोचला. तांब्याचे शिरस्त्राण, रबरी कापडाचा पोशाख, शिशाचे जोडे, वरून येणारी हवेची नळी आणि जीवनदोर एवढीच त्याची सामग्री होती. या खोलीवर एकूण दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहा पट होतो. एवढ्या दाबाची साधी हवा श्वासावाटे घेतली असता मनुष्याला गुंगी येऊन विचारशक्ती मंदावते. या गुंगीचे कारण नायट्रोजन हे होय, असे प्रतिपादन इ. स. १९३५ मध्ये झाले. क्रिली व त्याचे सहकारी यांना कारणाची कल्पना नसतानाच तिच्याशी झुंजावे लागले. तळाशी काही मिनिटेच काम करता येई आणि त्या काही मिनिटांसाठी वर येण्यास तास लागत.

ता. १७ एप्रिल रोजी विल्यम लॉमन नावाचा पाणबुड्या नौकेला बांधलेल्या तारदोराची पाहणी करून वर येऊ लागला असता, २५० फुटांवर त्याचा जीवनदोर व हवेची नळी त्या तारदोरात गुरफटली. त्याला वरही येता येईना व खालीही जाता येईना. दाबाखाली तो आधीच फार वेळ राहिलेला होता. क्रिलीने आपण होऊन खाली जाण्याची तयारी दर्शविली, लगेच पोशाख चढविला आणि उतरला. त्याने एकेक दोर सोडवून लॉमनला मोकळे केले. क्रिलीला पुन्हा वर घेतले तेव्हा त्याला उतरून दोन तास अकरा मिनिटे झाली होती. लॉमन जिवंत वर आला. या कृत्याबद्दल क्रिलीला 'मेडल ऑफ ऑनर' हे सर्वोच्च सन्मानपदक मिळाले. मात्र ते इ. स. १९२९ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी.

७. उद्धार

पाणबुड्यांनी तारदोर अडकविल्यानंतर पृष्ठभागावरील गाळ वाहणाऱ्या तराफ्यांवर रहाट बसवून नौका तळापासून किंचित उचलावयाची, तशीच लटकती ठेवून किनाऱ्याकडे ओढावयाची, ती तळाला टेकली की दोर आखडून पुन्हा उचलावयाची, असा क्रम आखण्यात आला. अशा रीतीने मे महिन्याच्या अखेरीस ती सुमारे ५० फूट खोलीपर्यंत आली. पण या पद्धतीत एक मूलगामी दोष होता. तराफे पृष्ठभागावर असल्याने लाटेबरोबर वर-खाली होत, आणि प्रत्येक लाटेचा हिसका दोरांमार्फत नौकेला बसे. समुद्र खवळला तेव्हा या हिसक्यांनी दोर नौकेच्या कवचात रुतले व कवच फाटू लागले. तसेच पुढे चालू ठेवले असते तर नौकेचे तुकडेच हाती आले असते.

तेव्हा फ्यूरर यांनी निराळी युक्ती योजिली. कॅलिफोर्नियातील मेअर आयलंड येथील नौदलाच्या कारखान्यात सहा मोठे पोलादी पिंपाकृती तरंगक तयार करवून ते होनोलुलूस आणविण्यात आले. हे तरंगक पाण्याने भरून बुडवावयाचे, नौकेच्या दोन्ही बाजूंस साखळ्यांनी जखडावयाचे, आणि मग त्यांत दाबलेली हवा सोडून पाणी बाहेर घालवावयाचे, अशी ही योजना होती. तरंगक रिकामे झाले की ते स्वतःबरोबर नौकेलाही वर उचलतात. त्यांची उचल लाटेच्या हिसक्यावर अवलंबून नसते. ती नौकेच्या अंगावर समप्रमाणात पडते. शिवाय नौका पृष्ठभागालगत येत असल्याने बंदराच्या उथळ मुखातून तिला आत नेता येते. ही योजना यशस्वी झाली. ता. २९ ऑगस्ट १९१५ रोजी एफ-४ वर आली आणि होनोलुलूच्या कोरड्या गोदीत तिला नेण्यात आले. तिच्या डाव्या बाजूस पाण्याच्या दाबाने कवच आत दबून एक मोठे भगदाड पडलेले होते.

आतील माणसांचे अवशेष पाच महिन्यांनी बाहेर निघाले. एकवीसांपैकी केवळ चौघांचीच ओळख पटू शकली. उरलेल्या सतरा जणांना आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत पुरण्यात आले. वस्तुतः या सतरा जणांची नावे अज्ञात नव्हती. नौकेवर कोण कोण होते याची यादी पहिल्या दिवसापासून उपलब्ध होती. अज्ञात होता तो कोणते नाव कोणत्या देहाचे हा संबंध. सतरा कुटुंबांना आपला मनुष्य तेथे आहे हे ठाऊक होते, पण त्याला निराळा ओळखता येत नव्हता.

८. कारणमीमांसा

चौकशी मंडळाने नौकेची तपासणी करून जो निष्कर्ष काढला तो अनुमानाच्या स्वरूपाचा होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. कारण सांगावयास कोणी साक्षीदार उरला नव्हता. मंडळाच्या मते घटमालेच्या टाकीचे शिशाचे अस्तर कुजले होते, त्या वाटेने समुद्राचे पाणी घटमालेच्या कप्प्यात झिरपले, आणि त्यामुळे पाण्याखाली चालत असताना नौकाधिपतीचा नौकेवरील ताबा सुटला. वर तिसऱ्या व चौथ्या भागांत जे विवेचन केले आहे त्याच्याशी हे अनुमान पूर्णपणे जुळते. वजन वाढले, घटमाला बिघडली, वेग गेला, आणि चालीवर अवलंबून असलेली स्थिरता नाहीशी झाली. २०० फुटांच्या पलीकडे गेल्यावर उरलेले काम पाण्याच्या दाबाने केले.

या अनुमानातील विशेष लक्षणीय बाब ही की, नौकेचा घात कोणत्याही एका मनुष्याच्या तत्क्षणीच्या चुकीने झाला नाही. टाकी आतल्या आत झिजत होती तोवर नौका रोज बंदराबाहेर जाऊन सुखरूप परत येत होती, आणि प्रत्येक परतीबरोबर ती ठणठणीत आहे हा समज दृढ होत होता. भगिनीनौकेच्या २८३ फुटांच्या विक्रमानेही हाच समज पोसला असेल. परंतु तो विक्रम धड कवचाच्या एका नौकेचा होता. आम्लाने पोखरलेल्या दुसऱ्या नौकेविषयी त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हते.

९. उत्तरवृत्त

ता. ३१ ऑगस्ट १९१५ रोजी, म्हणजे वर आल्यानंतर दोनच दिवसांनी, एफ-४चे नाव नौदलाच्या यादीतून वगळण्यात आले. नोव्हेंबरमध्ये तिचा सांगाडा गोदीतून हलविण्यात आला. शेवटी इ. स. १९४० मध्ये पर्ल हार्बर येथील पाणबुडी-तळाजवळच्या एका चरात भर म्हणून तो गाडण्यात आला. उरलेल्या तिन्ही भगिनी इ. स. १९१५ च्या अखेरीस हवाईहून मायभूमीकडे परत नेण्यात आल्या. त्यांच्याही नशिबी शांतता नव्हती. ता. १७ डिसेंबर १९१७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ एफ-३ची एफ-१ला टक्कर होऊन एफ-१ बुडाली व तिच्यावरील एकोणीस माणसे मृत्यू पावली.

एफ-४च्या निमित्ताने मिळालेले ज्ञान मात्र वाया गेले नाही. इ. स. १९२५ मध्ये एस-५१ ही पाणबुडी एका व्यापारी जहाजाच्या धडकेने बुडाली, तेव्हा पुढील वर्षी ती वर काढताना तरंगकांचीच पद्धत अवलंबिण्यात आली. इ. स. १९२७ मध्ये एस-४ बुडाली व १९२८ मध्ये तीही वर काढण्यात आली. या दोन्ही कामांत क्रिली होता. एस-४मध्ये सहा माणसे काही काळ जिवंत होती व आतून ठोके देऊन संदेश पाठवीत होती. त्यांना वाचविता आले नाही. नौका वर काढण्याची विद्या हस्तगत झाली होती, पण माणसे वेळेत बाहेर काढण्याची झाली नव्हती, हे त्या घटनेने सर्वांसमोर आणले. त्यानंतर खटपट सुरू झाली ती माणसांसाठी. इ. स. १९३९ मध्ये 'स्क्वालस' ही नौका बुडाली तेव्हा खाली सोडलेल्या बचाव-कोठीतून तेहतीस माणसे जिवंत वर आणण्यात आली, आणि नंतरच्या उद्धारकार्यात पाणबुड्यांना गुंगी येऊ नये म्हणून हवेऐवजी हेलियममिश्रित वायू देण्यात आला. एफ-४वरील एकवीस माणसांसाठी यांपैकी काहीही उपलब्ध नव्हते.

१०. 'पाणबुडी' या संज्ञेविषयी

समारोपापूर्वी संज्ञेचा थोडा विचार अप्रस्तुत होणार नाही. इंग्रजीतील 'सबमरीन' हा शब्द मुळात विशेषण आहे. समुद्राखालील, हा त्याचा अर्थ. 'सबमरीन बोट' या जोडशब्दातील दुसरे पद गळून विशेषणच नाम बनले. हे नाव वस्तूचे वसतिस्थान सांगते. मराठीतील 'पाणबुडी' या शब्दाची घडण निराळी आहे. 'पाणकोंबडा', 'पाणसाप' यांतील 'पाण' हे पूर्वपद आणि 'बुड' हा धातू मिळून झालेला हा शब्द वस्तूची क्रिया सांगतो. वारंवार बुडी मारून वर येणाऱ्या एका लहान जलपक्ष्यालाही मराठीत पाणबुडी म्हणतात, आणि त्याच घडणीचा 'पाणबुड्या' हा शब्द मनुष्याला लावला जातो.

एफ-४च्या पिढीतील नौकांना मराठी संज्ञाच अधिक लागू पडते. या नौका समुद्राखाली राहणाऱ्या नव्हत्या. त्यांचा बहुतेक प्रवास पृष्ठभागावर होई. हवा घेण्यासाठी व घटमाला पुन्हा भरण्यासाठी त्यांना वर यावेच लागे. पाण्याखाली त्या काही तास काढीत, ते विजेच्या उसन्या बळावर. पाण्याखाली खऱ्या अर्थाने राहू शकणाऱ्या नौका अणुशक्तीच्या वापरानंतर, इ. स. १९५० च्या दशकात, अस्तित्वात आल्या. त्यांपैकीच एकीला 'स्केट' हे जुने नाव देण्यात आले होते. ती ता. १७ मार्च १९५९ रोजी बर्फ फोडून उत्तर ध्रुवावर वर आली. एफ-४ला सिॲटलच्या कारखान्यात हेच नाव मिळाले होते.

११. समारोप

एफ-४च्या सेवेचा काळ नौदलाच्या नोंदींप्रमाणे दोन वर्षांहून कमी भरतो. परंतु तिने दिलेल्या माहितीचा हिशेब केला तर ती बुडाल्यानंतरचे पाच महिनेच अधिक फलदायी ठरले, असे म्हणावे लागते. मनुष्य तीनशे फूट खोलीवर जाऊन काम करू शकतो. लाटेवर तरंगणाऱ्या तराफ्यापेक्षा बुडविलेला तरंगक अधिक विश्वासार्ह आहे. आणि दृष्टीआड झिजणारा भाग उघडून पाहिल्याशिवाय नौका धड आहे असे समजू नये, या तीन गोष्टी तिच्यामुळे निश्चित झाल्या. पहिल्या दोन कौशल्याच्या असल्याने त्या नौदलांनी लवकर आत्मसात केल्या. तिसरी मात्र नित्याच्या जागरूकतेची आहे, आणि तिची आठवण प्रत्येक नव्या नौकेबरोबर पुन्हा करून द्यावी लागते.